'द जंगल'ची खरी संहिता कोणती?

विचारलेला प्रश्न असा आहे: शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांवरच्या, अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' या अमेरिकन कादंबरीची १९०६ साली निघालेली आणि आज सर्वत्र मिळणारी आवृत्ती प्रकाशकाने कात्री लावलेली आहे, मूळ कादंबरी त्याआधी एका साप्ताहिकात क्रमशः आली होती आणि तीच अस्सल, असे विचारणाऱ्याने एका नव्या आवृत्तीच्या वेष्टनावर वाचले. हे कितपत खरे आहे आणि वाचायची झाल्यास कोणती प्रत घ्यावी?

ग्रंथसंपादन आणि पाठचिकित्सा (एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या पाठांची, म्हणजे संहितांची, तुलना) या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि या कादंबरीच्या दोन्ही संहिता मी प्रकरणागणिक समोरासमोर ठेवून वाचल्या आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. काटछाट झाली हे खरे आहे, तिच्यामागे प्रकाशनव्यवहाराचा दाब होता हेही खरे आहे. परंतु ती लेखकाने स्वतःच्या हाताने केली आणि पुढे साठ वर्षांहून अधिक काळ हयात असूनही त्याने ती मागे घेतली नाही. म्हणून १९०६ च्या पुस्तकाला 'दडपलेली संहिता' म्हणणे मला मान्य नाही. हे मत कशावर आधारलेले आहे ते समजण्यासाठी पुस्तक कसे लिहिले गेले आणि कोणाकोणाच्या हातांतून छापखान्यापर्यंत पोचले, हे क्रमाने पाहावे लागेल.

१९०४ साली सिंक्लेअर पंचविशीत होता. त्याच्या नावावर काही कादंबऱ्या होत्या, पण त्यांच्यावर घर चालत नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतील यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवरची त्याची 'मनासस' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती फ्रेड वॉरेन या संपादकाच्या वाचनात आली. वॉरेन 'अपील टू रीझन' हे समाजवादी साप्ताहिक चालवीत असे. जे. ए. वेलँडने १८९५ साली सुरू केलेले हे पत्र कॅन्सस राज्यातील गिरार्ड या लहानशा गावातून निघे आणि शेतकरी, खाणकामगार, रेल्वेमजूर अशा वर्गणीदारांपर्यंत देशभर जाई. त्याचा खप त्या काळात लाखाच्या वर होता. वॉरेनने सिंक्लेअरला सुचवले की कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीवर आपण लिहिलेत, आता मजुरीच्या गुलामगिरीवर लिहा. क्रमशः प्रसिद्धीच्या हक्कापोटी ५०० डॉलर देण्याचे ठरले. विषय जवळपास आपोआपच ठरला, कारण शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांचा जुलैमध्ये सुरू झालेला मोठा संप सप्टेंबरात पराभूत होऊन संपला होता आणि हरलेल्या संपकऱ्यांना उद्देशून सिंक्लेअरने 'अपील'मध्ये लेखही लिहिला होता.

त्या शरद ऋतूत तो शिकागोला गेला आणि कत्तलखान्यांभोवतीच्या वस्तीत सात आठवडे राहिला. तो कामगारांच्या घरी बसे, डॉक्टरांना, समाजसेवकांना, दारूच्या गुत्तेवाल्यांना भेटे, आणि अंगावर जुने कपडे व हातात जेवणाचा डबा असला की कारखान्यात कोणी अडवत नाही हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. माल कसा कापला जातो, खराब मांसावर कोणते संस्कार होतात, मुकादमाला काय द्यावे लागते, घर हप्त्याने घेताना अशिक्षित माणूस कसा नाडला जातो, हे सारे त्याने टिपून घेतले. मात्र कादंबरी कोणाची आणि तिची सुरुवात कुठून करायची, हे त्याला सुचत नव्हते.

एका रविवारी दुपारी त्याला एका गुत्त्याच्या मागच्या दालनात लग्नाची मंडळी जाताना दिसली. तोही आत शिरला आणि रात्री उशिरापर्यंत भिंतीशी बसून पाहत राहिला. लग्न लिथुआनियन कुटुंबाचे होते. नवरी, नवरा, म्हातारे आईवडील, मुले, सारंगीवाला अशी सारी पात्रे त्याला तिथे मिळाली आणि पहिले प्रकरण त्याने तिथेच मनात रचले, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. कादंबरी वाचताना हे प्रकरण सावकाश वाचावे. लग्नाचा खर्च पाहुण्यांच्या आहेरातून भरून निघावा अशी गावाकडची रीत आहे, पण शिकागोतले तरुण पाहुणे खाऊनपिऊन, नाचून, आहेर न देताच निघून जातात. गुत्तेवाला बियरच्या पिंपांचा हिशेब फुगवतो. आणि कर्जाच्या विचाराने घाबरलेल्या ओनाला, म्हणजे नवरीला, नवरा युर्गिस म्हणतो की काळजी करू नकोस, मी आणखी कष्ट करीन. पुढच्या तीस प्रकरणांत ते आणखी कष्ट त्याला कुठे नेतात, हीच कादंबरी आहे.

न्यू जर्सीत प्रिन्स्टनजवळच्या रानात, स्वतः उभारलेल्या इवल्याशा खोपटात बसून सिंक्लेअरने १९०४ च्या नाताळच्या दिवशी लेखनाला आरंभ केला. २५ फेब्रुवारी १९०५ रोजी 'अपील'मध्ये पहिला हप्ता छापून आला. या दोन तारखांमध्ये जेमतेम दोन महिन्यांचे अंतर आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. मासिकांतून क्रमशः लिहिणाऱ्यांचे हाल मराठी वाचकाला नवे नाहीत: पुढचे लिहायचे असते आणि मागचे छापून गेलेले असते, त्यामुळे हात फिरवायला सवड मिळत नाही. 'द जंगल'चा साप्ताहिकातला पाठ हा अशा घाईत, आजारी मूल आणि दारिद्र्य सांभाळत, एका हाती लिहिलेला पहिला खर्डा आहे. त्यात विलक्षण जोर आहे, पण त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, लेखक कथा थांबवून वाचकाशी थेट बोलू लागतो आणि उत्तरार्धात कथानक अक्षरशः हातातून निसटते. १९०५ च्या नोव्हेंबरात साप्ताहिकाने हप्ते थांबवले आणि उरलेला भाग ज्यांना हवा असेल त्यांना टपालाने पाठवण्याची सोय केली. त्याच प्रकाशकाच्या एका त्रैमासिकातही कादंबरी छापली जात होती, म्हणून क्रमशः पाठाचेही एकच एक रूप मानता येत नाही.

पुस्तकाची कथा याला समांतर चालली होती. मॅकमिलन या प्रतिष्ठित संस्थेने आगाऊ रक्कम देऊन करार केला होता. हस्तलिखित हाती येऊ लागले तसा तिथला उत्साह ओसरला. रक्त आणि आतडी यांची वर्णने काढा, असा सल्ला सिंक्लेअरला मिळाला. त्याने तो नाकारला आणि करार संपुष्टात आला. त्यानंतर आणखी काही प्रकाशकांनी नकार दिले. सिंक्लेअरच्या सांगण्याप्रमाणे एकूण पाच. 'प्रकाशकाने कापले' या समजाचे मूळ या टप्प्यात आहे, परंतु ज्या प्रकाशकाने कापायला सांगितले त्याने पुस्तक छापलेच नाही, ही गोष्ट वेष्टनावरच्या मजकुरात बहुधा येत नाही.

मग सिंक्लेअरने आपल्याकडे ज्याला प्रकाशनपूर्व नोंदणी म्हणतात तो मार्ग धरला. 'अपील'च्या वाचकांनी आगाऊ पैसे पाठवावेत, त्यातून पुस्तक छापू, असे आवाहन केले. कादंबरीकार जॅक लंडन तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता. त्याने जाहीर पत्र लिहून या पुस्तकाला मजुरीच्या गुलामगिरीवरचे 'अंकल टॉम्स केबिन' (कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीविरुद्धची गाजलेली कादंबरी) म्हटले. पैसे येऊ लागले. 'द जंगल पब्लिशिंग कंपनी' असे नाव घेऊन सिंक्लेअरने खिळे जुळवण्याचे कामही सुरू करविले आणि त्याच सुमारास 'डबलडे, पेज अँड कंपनी'ने पुस्तकात रस दाखवला.

या संस्थेचा आधीचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. १९०० साली तिने थिओडोर ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' स्वीकारली, मग तिला पस्तावा झाला, आणि कराराने बांधलेले म्हणून ते पुस्तक तिने जाहिरातीविना, नाखुशीने बाजारात सोडले. त्याच्या पहिल्या छपाईतील पाचशेही प्रती विकल्या गेल्या नाहीत. 'द जंगल'च्या बाबतीत मात्र तिने वेगळी वाट धरली. अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती होती, म्हणून पुस्तकातले आरोप खरे आहेत का हे आधी तपासायचे ठरले. सिंक्लेअरने पुढे सांगितलेली हकीकत अशी: पुस्तकाची मुद्रिते (छपाईआधी तपासायच्या प्रती) शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाच्या संपादकाकडे मतासाठी पाठवली गेली आणि तिकडून ३२ पानांचा अहवाल आला, ज्यात जवळजवळ प्रत्येक आरोप खोटा ठरवला होता. तरीही संस्थेने थॉमस मॅकी या वकिलाला प्रत्यक्ष शिकागोला धाडले. तिथे मांस कंपन्यांच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा एक माणूस मॅकीला भेटला आणि बोलण्याच्या ओघात सांगून बसला की हे पुस्तक मला ठाऊक आहे, त्यावरचा ३२ पानांचा अहवाल मीच तयार करून दिला. मॅकी स्वतः कारखान्यात फिरला, आणि पुस्तकात लिहिले आहे तसेच त्याने पाहिले. संस्थेने पुस्तक स्वीकारले. एवढेच नव्हे, तर पुढे तिच्याच 'द वर्ल्ड्स वर्क' या मासिकात मॅकीचा आणि शिकागोच्या दोन डॉक्टरांचा पुष्टी देणारा मजकूरही छापला. प्रकाशकाने लेखकाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात फार थोडे आहे आणि म्हणूनच या प्रकाशकावर आज कात्रीचा आळ यावा याचे मला वाईट वाटते.

फेब्रुवारी १९०६ च्या अखेरीस पुस्तक दोन रूपांत बाहेर पडले: दुकानांसाठी 'डबलडे, पेज'चे, आणि नोंदणी केलेल्या वाचकांसाठी सिंक्लेअरच्या स्वतःच्या 'जंगल पब्लिशिंग कंपनी'चे, ज्याच्या बांधणीवर समाजवादी पक्षाचे चिन्ह होते. आता पाठचिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा पाहा. ही दुसरी आवृत्ती पूर्णपणे लेखकाच्या ताब्यातली होती. तिचे पैसे समाजवादी कामगारांनी दिले होते आणि त्यांना खूश करण्यासाठी काही गाळायची मुळीच गरज नव्हती. असे असूनही दोन्ही आवृत्त्यांचा पाठ एकच आहे. साप्ताहिकातली ३६ प्रकरणे दोन्हींत ३१ झाली आहेत. प्रकाशकाने लेखकाच्या मनाविरुद्ध कापले असते, तर अस्सल पाठ या दुसऱ्या आवृत्तीत यायला हवा होता. १९२० साली सिंक्लेअरने ही कादंबरी पुन्हा स्वतः प्रकाशित केली, तेव्हाही त्याने ३१ प्रकरणांचाच पाठ ठेवला.

नेमके काय कापले गेले, याकडेही पाहू. कत्तलखान्याचे किळसवाणे तपशील गाळले गेले असा समज आहे. पण जे तपशील वाचून अमेरिका हादरली ते सगळे १९०६ च्या पुस्तकात आहेत. चौदाव्या प्रकरणात सॉसेजच्या मांसाच्या ढिगांवर उंदीर नाचतात, त्यांना मारायला विषारी पाव ठेवतात, आणि मग उंदीर, पाव, मांस सारे एकत्र यंत्रात जाते. नवव्या प्रकरणातला उतारा तर मी नवोदित संपादकांना नेहमी वाचायला देतो. तिथे लेखक एकेका खात्यातल्या कामगाराच्या शरीराची यादी देत जातो: खारवण्याच्या खात्यात आम्लाने बोटांचे सांधे झिजलेले, लोकर उपटणाऱ्यांची बोटे आम्लाने खाल्लेली, सुऱ्या चालवणाऱ्यांचे अंगठे निकामी झालेले. यादीच्या शेवटी वाफेने भरलेल्या खोलीतले लोक येतात, जिथे उकळत्या चरबीच्या टाक्यांची तोंडे जमिनीच्या पातळीला असतात. माणूस टाकीत पडतो. कधी कधी दिवसेंदिवस कोणाच्या लक्षात येत नाही आणि हाडे सोडून बाकीचा माणूस 'डरहॅमची शुद्ध चरबी' (डरहॅम ही कादंबरीतली मांस कंपनी) म्हणून जगभर रवाना होतो. सगळा परिच्छेद कामगाराच्या देहाविषयी आहे, परंतु त्याचे शेवटचे शब्द डब्यावरच्या नावाचे आहेत. त्यामुळे वाचकाचे लक्ष त्या माणसावरून उडून थेट स्वतःच्या फडताळातल्या डब्यावर जाते. सिंक्लेअर पुढे म्हणाला की मी लोकांच्या हृदयावर नेम धरला आणि चुकून तो पोटाला लागला. त्या चुकीची जागा मला या एका वाक्यरचनेत दिसते.

दुसरा समज असा की समाजवादी विचार बोथट केला गेला. १९०६ ची शेवटची चार प्रकरणे उघडून पाहावीत. त्यांत जवळजवळ भाषणे आणि चर्चाच आहेत, आणि शिकागो आपले होईल या घोषणेने पुस्तक संपते. ज्या प्रकाशकाला समाजवाद खुपत होता त्याने सर्वांत आधी हीच चार प्रकरणे उडवली असती. कोणत्याही संपादकाने कलात्मक कारणासाठीसुद्धा ती उडवली असती. ती राहिली, कारण लेखकाला ती हवी होती. प्रत्यक्षात गळाला तो मुख्यतः पाल्हाळ, पुनरुक्ती आणि लेखकाचे मध्येच येणारे भाष्य. काही गळालेले उतारे मलाही राहायला हवे होते असे वाटते, आणि सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचण्याच्या इच्छेने सिंक्लेअरने कडव्या पक्षीय भाषेला थोडी मुरड घातली हे मी नाकारत नाही. पण अशी मुरड प्रत्येक लेखक घालतो आणि तिला सेन्सॉर म्हणू लागलो तर त्या शब्दाला अर्थच उरणार नाही.

पुस्तकाच्या परिणामांची कथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने एप्रिल १९०६ मध्ये सिंक्लेअरला व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि चार्ल्स नील व जेम्स रेनॉल्ड्स या दोघांना चौकशीसाठी शिकागोला पाठवले. माणूस टाकीत पडल्याच्या हकीकतीला त्यांना पुरावा मिळाला नाही, पण घाणीविषयीचे बाकीचे चित्र त्यांनी खरे ठरवले. त्यांच्या अहवालातला एक प्रसंग असा आहे: नुकतेच मारून, धुऊन शीतगृहाकडे निघालेले एक डुक्कर सरकत्या रुळावरून खाली पडले आणि घसरत अर्धे कामगारांच्या शौचालयात गेले, दोघांनी ते उचलले, गाड्यावर घातले आणि न धुता इतर मांसाशेजारी टांगले. जूनच्या सुरुवातीला अहवाल काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, गेला आणि ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीच्या आणि शुद्ध अन्न व औषधांच्या अशा दोन्ही कायद्यांवर रूझवेल्टची सही झाली. तपासणीचा खर्च मांस कंपन्यांऐवजी सरकारी तिजोरीवर पडला. कामगारांचे वेतन, तास, घरे यांविषयी या कायद्यांत एक अक्षर नव्हते आणि सिंक्लेअरला याचे दुःख शेवटपर्यंत राहिले.

दडपल्याचा मुद्दा इतक्या उशिरा कसा आला? १९८० च्या दशकात कॅन्ससमधील पिट्सबर्ग स्टेट विद्यापीठातील जीन डिग्रूसन यांनी 'अपील'शी संबंधित जुनी कागदपत्रे मिळवून साप्ताहिकातला पाठ १९८८ साली पुस्तकरूपाने उपलब्ध केला. ते काम मोलाचे आहे. त्याच्यामुळेच दोन पाठ शेजारी ठेवून पाहता येतात. २००३ साली तोच पाठ 'सेन्सॉर न झालेली मूळ आवृत्ती' अशा उपशीर्षकाने आला आणि तेव्हापासून तो शब्द वेष्टनांवरून लेखांमध्ये पसरला. क्रिस्टोफर फेल्प्स या इतिहासकाराने त्याचे सविस्तर खंडन केले आहे. सिंक्लेअरचे एक जुने पत्रही या संदर्भात उद्धृत केले जाते: शेवट लिहिताना समाजवादी चळवळीविषयी मला ठाऊक होते ते सगळे मी कोंबत गेलो आणि वॉरेन घरी आला तेव्हा ती प्रकरणे त्याला वाचून दाखवली, तर तो झोपी गेला. आपल्या खर्ड्याविषयी लेखक इतके स्पष्ट बोलतो तेव्हा त्याचा शब्द मानावा, असे मला वाटते.

आता प्रत कोणती घ्यावी. प्रथमच वाचणाऱ्याने १९०६ चीच घ्यावी. तिच्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने ती 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या ग्रंथांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि स्वस्त छापील प्रतीही अनेक आहेत. हाती आलेली प्रत कोणती हे ओळखायचे असेल तर वेष्टनावर न जाता अनुक्रम पाहावा: ३१ प्रकरणे असतील तर १९०६ चा पाठ, ३६ असतील तर साप्ताहिकातला. अभ्यासासाठी दोन्ही हव्या असतील, तर १९०६ ची आधी पूर्ण वाचून मग साप्ताहिकातला पाठ उत्तरार्धापासून उघडावा, कारण घाईत लिहिणाऱ्या लेखकाची दमछाक आणि नंतर त्यानेच केलेली दुरुस्ती, दोन्ही तिथे सर्वाधिक स्पष्ट दिसतात.